काळ्या लेसचा दोष

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. राग गेला असं मी आईला शेवटपर्यंत सांगत आले. ते खोटं होतं.

मागच्या आठवड्यात ब्रिस्टलहून, तुम्ही नोकरी करायचात त्या म्युझियममधून फोन आला. नवी क्युरेटर, इथे इंग्लंडमध्येच जन्मलेली. आडनाव बघून थेट मराठीत सुरू झाली. "आँटी, तुमच्या डॅडच्या आवडत्या बास्क पेंटरचं एक्झिबिशन करतोय आम्ही. ते विडोचं पोर्ट्रेट पण स्टोअरमधून काढलंय. जुन्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, क्लीन करताना ट्रेनीने डॅमेज केलं. लेबलवर तेच जाणार. तो ट्रेनी कोण होता, माहीत आहे?"

"माहीत आहे. मीच."

"ओह. सॉरी, आँटी."

"तू कशाला सॉरी? तू होतीस का तिथे?"

तुमच्यावरचा राग त्या बिचारीवर निघाला.

त्या बास्कने आपल्या घरात किती जागा अडवली होती! आई पोळ्या लाटतेय, तुम्ही पानावर बसलाय आणि सांगताय: स्पेनमधल्या बिल्बाओजवळच्या बंदरात नावा बांधणाऱ्याचा मुलगा, बोटींवर नावं रंगवता रंगवता हात बसला, पॅरिसला गेला, तिथे कुणी विचारलं नाही, परत आला आणि खाणमालकांच्या, जहाजमालकांच्या घरची माणसं रंगवत राहिला. "अहो, तो केव्हाच मेलाय, तुमची आमटी गार होतेय," आई म्हणायची. तुम्हाला ऐकू जायचं नाही. कोल्हापुरात व्यक्तिचित्रं काढायला शिकलेला माणूस इथे दुसऱ्यांची चित्रं पुसून साफ करत होता. त्याला आपल्यासारखा कुणीतरी सापडला होता, एवढं मला तेव्हाही कळायचं. चेहरा तो बास्क दोन बैठकांत संपवायचा आणि माणसाला घरी पाठवायचा. मग महिनोन्‌महिने कपड्यांचा काळा. करड्या रंगावर काळ्याचे पातळ थर, एक निळसर, एक तपकिरी, त्यात राळ मिसळलेली, म्हणजे वॉर्निशबरोबर सहज विरघळणारी. "चेहरा कुणीही काढेल. असा काळा काढून दाखवा म्हणावं!" खनिज घेऊन वेल्सला येणाऱ्या बोटींच्या मालकाकडून त्या विधवेचं चित्र इकडे आलं. तिच्या डोक्यावरची लेस हे त्याचं सगळ्यात चांगलं काम, हेही तुमचंच मत.

म्हणजे त्याचा काळा किती नाजूक आहे, हे या देशात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच मला तुमची कीव येत नाही.

त्या मंगळवारी तुम्हाला घाई होती. दुपारी ट्रस्टी येणार होते. मी केमिस्ट्रीची डिग्री घेऊन तुमच्या हाताखाली लागून सात महिने झाले होते आणि पलीकडच्या टेबलावर बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. चित्रातला रंग बदलला की आधी कोपऱ्यात द्रावकाची चाचणी, हा नियम तुम्हीच माझ्या डोक्यात ठोकला होता. मी एकदा विसरले, तर चार माणसांसमोर म्हणालात, "स्वयंपाकघरात मीठ विसरतात, बाई. इथे नाही." आणि त्या दिवशी तुम्ही चेहऱ्यावरचं वॉर्निश ज्या द्रावकाने काढलंत, त्याच द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा चाचणी न करता तसाच लेसवर फिरवलात. तळहाताएवढी लेस गेली. खालचा करडा रंग टकलासारखा दिसायला लागला.

साहेबाने विचारलं, कुणी केलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या ट्रेनीने. पण जबाबदारी माझी." किती रुबाबात! सगळ्यांनी तुमच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मी तिथेच उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

गाडीत म्हणालात, "तुझ्याकडे डिग्री आहे, तुला दुसरं काहीतरी मिळेल. मला इथे एकच चूक परवडते आणि तीसुद्धा परवडत नाही." खरं असेल ते. तुम्हाला तिथे काय काय ऐकून घ्यावं लागायचं, ते मी पाहिलं होतं. पण मला विचारायचं होतंत. विचारलं असतंत, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. तुम्ही माझं उत्तर गृहीत धरलंत, जसं ताटात वाढलेलं धरायचात. म्युझियम सुटलं आणि मी मेडनहेडच्या शाळेत एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. बरी शिकवली. चित्राला पुन्हा हात लावला नाही, आणि ही गोष्ट तुमच्यामाझ्यात पुन्हा निघाली नाही.

काल मी त्या मुलीला सगळं लिहून पाठवलं. बोळा कुणाच्या हातात होता, चाचणी कुणी केली नाही, खोटं कोण बोललं. दोन परिच्छेद, तुमच्या नावानिशी. ती रिपोर्ट बदलणार आहे. तुमच्या बास्कशेजारी आता तुमची चूक तुमच्या नावावर लागेल. मला वाटलं होतं, हलकं वाटेल.

एक वाक्य मात्र मी त्यात घातलं नाही. पहिल्याच बोळ्याला काळा रंग लागलेला मी पलीकडून पाहिला होता. "बाबा, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही आणखी चार बोळे फिरवलेत. मी चिठ्ठ्या लावत राहिले, कारण तुम्ही चुकत होतात आणि ते बघायला मला बरं वाटत होतं.