बोलत्या डोक्याचं बटण आणि माझी खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, शिक्षण तिसरीपर्यंत, रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी धुतलेली बाई, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांची कॉलर विरली आहे तेही सांगितलं.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मागच्या मंगळवारी केलं होतं. त्याच्या आधीचंही रद्द. वकीलबाई म्हणाल्या, आजी, आता एकदाचं काय ते ठरवा. ठरवायचंच आहे, पण मला बसवत नाही. दर दोन ओळींनी उठून गॅस बघून येते.

कलम १. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या मुलाला. छत गळत होतं तेव्हा त्यानेच चढून पत्रा बसवला. पासबुकात जे असेल ते त्याला आणि त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, निम्मं निम्मं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण त्यात जास्त नाही.

कलम २. मागची धुण्याची खोली, तिच्या वेगळ्या दारासकट, नातीला. ती शिल्पकार आहे. नुसती शिल्पकार म्हटलं की ती नाक मुरडते, कारण तिच्या कामात मोटारी असतात, वायरी असतात, पडद्यावर हलणारी चित्रं असतात, आवाज असतात. शेजारी विचारायचे, नात काय करते? मी आधी म्हणायचे, शिकतेय. दहा वर्षं शिकतेय म्हटल्यावर लोक काळजी करायला लागले. आता मी सांगते, ती वस्तूंना बोलतं करते. मग ते पुढे विचारत नाहीत. खोलीची मोरी तुंबलेली आहे आणि तशीच राहील. नातीने पहिल्या वर्षी उरलेलं ओलं प्लास्टर मोरीत ओतलं आणि ते आत दगड झालं. प्लंबर म्हणाला, आजी, आता हिला मोरी म्हणू नका, पुतळा म्हणा. त्याला माझा चांगला छत्रीचा दांडा द्यावा. तो नेहमी भिजत यायचा. कापड त्याने घालून घ्यावं.

कलम ३. पत्र्याच्या डब्यात साबणाची चार डोकी आहेत. नात सात वर्षांची असताना कपडे धुण्याच्या वडीतून माणसं कोरायची आणि मी त्यांनीच कपडे धुवायचे. नाक आधी झिजायचं, मग हनुवटी. ती रडायची नाही. रोज येऊन बघायची की आज किती उरलं. तिची आई म्हणायची, पोरगी विचित्र आहे. मला मात्र तेव्हाच कळलं होतं. ही चार मी वापरली नाहीत. ती नातीची.

कलम ४. वर्तमानपत्रात कलेवर लिहिणाऱ्या गृहस्थांना माझी इस्त्री केलेली एक चादर. त्यांनी नातीच्या पहिल्या प्रदर्शनाला ‘ओल्या चादरींचा पसारा’ म्हटलं होतं. बंद पडलेल्या बस आगारात तिने रुग्णालयाच्या सतरा जुन्या चादरी टांगल्या होत्या आणि त्यांवर हलत्या चित्रात माझे दोन हात दिसायचे, चादरीची घडी घालताना. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक धरणारी माझी धुलाईघरातली जोडीदारीण तेव्हा नुकतीच गेली होती. म्हणून चित्रात दुसरं टोक नुसतंच हवेत. ते बघून आगाराचा वीजवाला शिडीवरून उतरला आणि खांबाशी उभा राहिला, बराच वेळ. चादरी ओल्या नव्हत्या. मी स्वतः वाळवल्या होत्या. गृहस्थांनी हात लावून बघावा.

शिडीवरून आठवलं. माझी शिडी वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे सहा वर्षं आहे. ती त्यालाच देऊन टाकायचा विचार होता. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि वकीलबाई सांगतात, साक्षीदाराला कागदात काही मिळता कामा नये. तेव्हा त्याने ती परत आणून ठेवावी.

कलम ५. आता मुख्य. गॅस बघून आले. बंद आहे.

डोक्याचं सांगते. चार वर्षांपूर्वी नातीने माझ्या चेहऱ्याचा साचा घेतला. नाकात दोन नळ्या, वरून थंडगार प्लास्टर, मग ते हळूहळू गरम होतं. तिने बजावलं होतं, आजी, वीस मिनिटं ओठ हलवायचा नाही. अकरा मिनिटं मी गप्प होते. आयुष्यात एवढी गप्प मी बाळंतपणातही नव्हते. मग एकदम आठवलं आणि विचारलं, गॅस बंद केलास का? झालं. साचा तसाच घट्ट झाला. तोंड उघडं, डावीकडे ओढलेलं. मला वाटलं पोरीची मेहनत पाण्यात घालवली. ती आधी चिडली, मग साचा घेऊन खिडकीशी गेली, उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, आजी, हे डोकं काहीतरी बोलायला निघालंय.

मग आठवडाभर मी मटार सोलत बोलले आणि तिने ते टिपलं. त्यातली सलग एकेचाळीस मिनिटं घेतली. धातूचं डोकं, आत कर्णा, मागे एक लाल बटण. ते डोकं तीन शहरं फिरून आलं. मी म्हातारी घरात आणि माझं डोकं विमानात.

पण इथल्या दालनात डोक्याच्या उद्घाटनाला माझा मुलगा आपल्या कचेरीतल्या लोकांना घेऊन गेला होता. सहाव्या मिनिटाला डोकं म्हणालं, माझ्या मुलाचे वडील रुग्णालयात वारले त्या दुपारी हा सिनेमाला बसला होता, तोच सिनेमा लागोपाठ दोनदा. हे मी बोलले होते, आणि ते खरं आहे. तो तसाच बाहेर पडला. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. तीन वर्षं झाली. तो रविवारी येतो, ती बुधवारी येते. एकमेकांचे कप मी विसळून ठेवते.

त्या दुपारी त्याला सिनेमाला मीच पाठवलं होतं. एकोणीस वर्षांचा होता. वडिलांचा श्वास असा चालला होता की पोराने तो ऐकू नये असं मला वाटलं. मी त्याला म्हटलं, जा, आणि मी बोलवेपर्यंत येऊ नकोस. बोलवायला कोणाला पाठवायचं राहिलं. म्हणून तो दुसऱ्यांदाही बसला. हे सगळं मी डोक्यात सांगितलं आहे, पण चोविसाव्या मिनिटाला. मधे मी साबणाकडे वळले, मग गॅसकडे, मग जोडीदारणीच्या गुडघ्यांकडे. माझं बोलणं असंच आहे. फिरून येते, पण येते.

मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, “सहा मिनिटांच्या पुढे तिथे थांबतं कोण, आई? मी लोकांचे चेहरे बघितलेत.”

मग नातीला सांगितलं, चोविसावं मिनिट उचलून सहाव्याला लाव. ती म्हणाली, “तुला सरळ केलं तर ती तू नाहीस, आजी.”

दोघांचंही खरं आहे, हीच पंचाईत. त्यात समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयाला डोकं कायमचं हवं आहे. त्यांनी विचारलं आहे, बाई गेल्यावर आवाज चालू ठेवायचा की बंद? मुलगा म्हणतो बंद. नात म्हणते चालू. या महिनाअखेर कळवायचं आहे. तोवर डोकं इथल्या दालनात आहे.

कलम ६. डोकं आणि माझा टिपलेला आवाज नातीचा. विकावं, पाठवावं, तिचं ती बघेल. आवाजाची मांडणी कोणी बदलू नये.

कलम ७. डोक्यामागचं लाल बटण माझ्या मुलाचं. मी गेल्यावर आवाज ठेवायचा की बंद करायचा हे तो एकटा ठरवेल आणि नात ते मानेल. मात्र बटणाला हात लावण्याआधी त्याने एकेचाळीस मिनिटं पुरी ऐकावीत. नंतर त्याने बंद केलं तरी माझी तक्रार नाही. मी पुष्कळ बोलले आहे.

कलम ८. माझी स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्याला. ती नेहमी डोक्यासमोर ठेवावी, डोकं जाईल तिथे. मी दालनात गेले तेव्हा बसायला काही नव्हतं. माझे गुडघेही पाचव्या मिनिटाला बोलायला लागले. उभ्याने कोण चोविसाव्यापर्यंत थांबेल? हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं, निदान एवढ्या शिकलेल्या नातीच्या तरी. तिला हे बुधवारी सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून हसली, मग रडली. खुर्चीचा मागचा डावा पाय डुगडुगतो.

कलम ९. खाडाखोडीबद्दल. खाली पहिल्या साक्षीदाराच्या ओळीवर एक रेघ मारून खोडलेलं आहे. ते माझ्यासमोर झालं आणि ग्राह्य धरावं. आज मुलगा वकीलबाईंच्या आधी येऊन बसला होता. म्हणाला, “मला काही नको. साक्षीदार लागतात ना? एक मी. सही करतो आणि मोकळा होतो.” त्याने पेन टेकवलं आणि पहिलं अक्षर काढलंही. वकीलबाई म्हणाल्या, साहेब, तुम्हाला नाही चालणार, तुम्हाला यात मिळतंय. तो म्हणाला, घर ना, ते काढून टाका. त्या म्हणाल्या, घराशिवायही आहे. मग त्याने कागद ओढून घेतला आणि वाचला. सातवं कलम दोनदा वाचलं. आठवं वाचताना त्याने टेबलाखाली वाकून माझ्या खुर्चीकडे बघितलं.

“एवढा वेळ बसायचं,” तो म्हणाला, “आणि हिचा पाय असा?”

साक्षीदार पहिले: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना.
साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचा शिंपी. शिडी आणली आहे.

स्थळ: माझं स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: या महिन्याची नऊ, सोमवार, दुपारचे चार.

सही वाकडी आली आहे. हात थरथरला असं कोणी म्हणू नये. मी उभ्याने सही केली. खुर्ची तेव्हा जमिनीवर उलटी होती आणि माझा मुलगा तिचा पाय घट्ट करत होता.