नाव घेतलं की बोलावून आणायचं

प्रिय आक्का,

काल शेवंतावहिनींच्या घरी पुढच्या सोप्यात पापड लाटताना तुमचं नाव निघालं. नियम तुमचाच : जी बाई इथं बसलेली नाही तिचं नाव काढलं, तर काढणारीनं उठून तिला बोलावून आणायचं. आता तुम्हाला कुठून आणायचं? म्हणून हे पत्र.

मला तुम्ही तसंच आणलंत, आठवतं? लग्न मोडून मी शिवाजी पेठेत भावाकडे आले, त्याला महिना झाला होता. एका दुपारी शेवंतावहिनी दारात उभ्या, हाताला पीठ तसंच. "चल बाई. तुझंच नाव निघालंवतं. आक्कांनी धाडलंय."

मी घाबरतच आले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता नवऱ्याचं विचारणार, असं वाटलं. तुम्ही लाटणं पुढे केलंत आणि म्हणालात, "एस.टी.डी. बूथवर बसतीस न्हवं? दिवसभर दुसऱ्यांचं फोन बघतीस. तुला सोताला कुणाला लावू वाटतोय?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं! मी कागलच्या कुसुमचं नाव सांगितलं. शाळेतली मैत्रीण, भांडून सात वर्षं झालेली.

"नाव घेतलंस न्हवं? मग आण की तिला बी!"

सगळ्या हसल्या. मग एकेकीनं आपापलं सांगितलं. शेवंतावहिनींना त्यांच्या माहेरच्या मास्तरांशी बोलायचं होतं, शाळा सोडताना निरोपही घेतला नव्हता म्हणून. रोज भेटणाऱ्या बायका, पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात कुसुम खरंच आली. तिचे पापड वाकडे झाले म्हणून तुम्ही तिला किती बोललात!

एका गोष्टीचा राग मात्र आहे. आम्हाला बोलतं केलंत, मग स्वतःचं दुखणं का लपवलंत? "चेहरा उतरलाय," म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "तुझा पापड जाड व्हायलाय, तिकडं बघ."

तुम्ही गेल्यावर सगळा बोल सुजातावर आला. सून घरात असून लक्ष दिलं नाही म्हणे. ते ऐकत मी तिथंच बसले होते, आक्का. एक शब्द बोलले नाही. सुजातानं बाहेर येणंच सोडलं.

काल पुन्हा तेच सुरू झालं. शेवंतावहिनी म्हणाल्या, "एका घरात ऱ्हाऊन सुजाताला कळलं न्हाय व्हय?"

मी लाटणं खाली ठेवलं. "मलाही कळलं नाही. तुम्हाला तरी कुठं कळलं? आणि वहिनी, तुम्ही नाव घेतलंय. उठा."

 त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ही मुकी बोलाया लागली बघा!"

सुजाता आली. डोळे खाली. मी लाटणं तिच्यापुढे केलं आणि तुमचाच प्रश्न विचारला, कुणाशी बोलावंसं वाटतं?

"सासूबाईंशी," ती म्हणाली. "मला का न्हाय सांगितलं, एवढंच इचारायचं हाय."

 शेवंतावहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घ्या! हिनं आता कुणाला बोलवाय जायाचं?"

रडता रडता सुजाता हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. मग संध्याकाळपर्यंत ती तुमच्याबद्दल बोलत होती आणि आम्ही ऐकत होतो.

हे तुम्हाला कळवण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. आता शब्द देते, माझ्यासमोर कुणाचं नाव निघालं तर मी गप्प बसणार नाही. पाठवायला कुणी नसेल, तर पिठाच्या हातानं मीच तिच्या दारात जाईन.

तुम्ही बोलावून आणलेली,
नलू