अडलेल्या घोड्याची चाल

पलूस,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

बशीर गड्या,

तुला रामराम बी आन सलाम बी. रहिमतभाभींना नमस्कार, आसियाच्या पोरांना गोड पापा. आमी हितं खुशाल हाय. शालूचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, तरी चालती माझ्यापरास ताठ. ऊस तोडीला आलाय, टोळीची वाट बघतोय. कोरेगावात तुझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय आसं शालू म्हणाली. दिवाळीला तू फोन केलास तवा मी घरातच हुतो. शेतात गेल्यात म्हणून सांग, आसं मीच तिला खुणावलं. कारण म्होरं येतंय.

फोनपरास पत्र बरं. फोनवर तू मधीच "व्हय का" म्हणालास की माझं समदं बोलणं पांगतंय.

आधी मजा सांगतो. थोरल्याची राजेश्वरी आता अकरावीला हाय. गणपतीच्या आधी तिनं मोबाईल माझ्या नाकाम्होरं धरला आन म्हणाली, आबा, ह्ये वळका. बघतोय तर महाबळेश्वरची टॅक्सीवाली पोरं, वरनं पाऊस कोसळतोय, अंगावर इरली-प्लॅस्टिक, आन नाचत्यात कशावर, तर 'अडलेल्या घोड्या'वर. आपली जुनी कॅसेट कुणीतरी मोबाईलवर चढवली, आन साताऱ्याच्या एका पोरानं तिला खालनं धाडधाड आवाज लावून रिमिक्स केलं. मी पयल्यांदा चिडलोच. माझी ढोलकी पार दाबून टाकलीया मेल्यानं.

पर मग चटक लागली गड्या. जेवून उठलो की मी आन शालू राजेश्वरीच्या दोन्ही अंगाला बसतो. एक उसाचा ट्रॅक्टरवाला कारखान्याच्या रांगंत निस्त्या हॉर्नवर ती चाल वाजवतोय, आन मागचे चार ट्रॅक्टर त्याला साथ देत्यात. एक बाई भाजणीच्या डब्यांवर उलथन्यानं वाजवती, आन मागनं तिचा नवरा पोळी करपली म्हणून वराडतोय. एक फौजी बर्फात जेवणाच्या ताटावर. एकानं तर म्हशीच्या हंबरण्यावर बसवलीया. ती मी सात येळा बघितली, पोट दुखंस्तोवर हसलो. आन कुठल्या तरी परदेशातला एक पोरगा हाय, मोठा पियानो घिऊन बसतोय. त्यानं इतक्या हळू वाजवली की वरातीची चाल अंगाई वाटायला लागली. शालूनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, बशीरभाऊजी आसियाला निजवताना अशीच वाजवायचे.

मी उठून पाणी पिऊन आलो.

मग राजेश्वरीनं इचारलं, आबा, ही चाल निघाली कशी. मी तिला सांडगेवाडीची वरात सांगितली. घोडं लाइटच्या डीपीम्होरं अडलं, नवरदेव वर घामाघूम, घोडंवाला लगाम वढून वढून दमला, करवल्या कट्ट्यावर टेकल्या. समद्यांनी वाजवायचं थांबवलं. घोडं पाय कसं आपटतंय ते बघत बेंजोवर टुकटुक सुरू झालं. दोन पावलं, थांब, तीन पावलं. मागनं ढोलकी आली आन घोडं चाललं ते थेट मांडवात शिरलं. पोरगी लय हसली. पर सांगताना मी म्हणलं, "आमी चाल काढली." ती तुझी एकट्याची हुती. ढोलकी तर घोडं चालल्यावर धरली म्या, आधी न्हाई.

कॅसेटवर माझंच नाव, म्हणून मोबाईलवरबी समदीकडं 'बेंजो मास्तर अर्जुना, पलूस'. लोकं खाली लिवत्यात, मास्तरांची बोटं सोन्यानं मढवा. ह्या बोटांनी आयुष्यात एक तार छेडली न्हाई.

दसरा झाल्यावर मंडळाच्या पोरांनी माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, फेटा, स्पीकर. सकाळी कळलं की स्टेजवर कुणाचा तरी बेंजोबी आणून ठेवणार हायत, दोन मिनटं वाजवा म्हणणार. बशीर, मला लाज वाटती लिवायला. मी सैपाकघरात गेलो, उजव्या हाताच्या बोटाला हळद लावली आन वर चिंधी बांधली. स्टेजवर सांगितलं, दारात बोट चेचलं. लोकं हळहळली. खालच्या आळीची रंगूबाई तर दुसऱ्या दिवशी कसलं तरी तेल घिऊन आली, आन म्हातारीनं घंटाभर माझं धडधाकट बोट चोळलं.

ती गेल्यावर शालूनं माझा हात हातात घेतला आन चिंधी सोडली. म्हणाली, "खोटं बांधून ठिवलं तर चांगलं बोटबी कुजतंय. भाऊजींना काय ते सांगून टाका."

तिला किती ठाव हाय ते मी इचारलं न्हाई. तुला आता समदं सांगतो.

दोन हजार तीन साली सांगलीच्या कॅसेटवाल्यानं छापायच्या आधी कव्हरचा कागद दाखवायला माणूस धाडला हुता. तू समोरच्या गाड्यावर चहा सांगायला गेला हुतास. कागदावर 'बेंजो : अर्जुना मास्तर' आसं हुतं आन तुझं नाव कुठंच न्हवतं. वरातीच्या वाजपाची सुपारी ठरवायला नेहमी मीच जायचो, पार्टीचा बोर्ड माझ्या नावाचा, म्हणून त्याचा घोळ झाला. त्यानं इचारलं, बरोबर हाय का. तुला हाक मारायची तर दहा पावलं. मी मनात म्हणलं, सुपारी मी घेतो, टेंपो मी ठरवतो, भांडणं मी निस्तरतो, मग नाव माझं झालं तर काय बिघडलं. आन त्याला म्हणलं, "बरोबर हाय, छापा." तू चहा घिऊन आलास. मी पिलो त्यो चहा.

त्याच वर्षी दसऱ्याला वाद्यं पुजायला मांडली हुती. माझी ढोलकी, तुझा बेंजो, दोन्हीवर झेंडूची फुलं. कॅसेट तुझ्या हातात हुती. तू एकदाच इचारलंस, "अर्जुना, तू ह्ये आधी बघितलं हुतंस का?" म्या पुजलेल्या ढोलकीवर हात ठिवला आन न्हाई म्हणलं. तू म्हणालास, "मग झालं." आन मला सोनं दिलंस.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरलो असतो. पर दुसऱ्या दिवशी तू मला घिऊन सांगलीला गेलास, आन 'कागद दाखवूनच छापलं' म्हणणाऱ्या त्या कॅसेटवाल्याला भर बाजारात झाडलास. तू तुझ्या नावासाठी न्हाई भांडलास, माझ्या शपथेसाठी भांडलास. माझा दोस्त वाद्यावर हात ठिवून सांगतोय आन तुमी त्याला खोटं पाडता व्हय, म्हणालास. त्यो माणूस माझ्याकडं बघत ऱ्हायला, आन मी रस्त्याकडं.

त्यानंतर मला तुझ्याशेजारी बसवंना. लोकं म्हणत्यात डीजे आला आन आपली बेंजो पार्टी मोडली. मीबी तसंच सांगत आलो. डीजे आला तवा आपल्याकडं पुढच्या हंगामाच्या अकरा सुपाऱ्या हुत्या, बशीर. त्या मी परस्पर सोडल्या. तुला सांगितलं, लोकांनीच नको म्हणलं. मग तू भाभींच्या माहेरी कोरेगावला गेलास आन मी सुटलो म्हणलं. काय सुटतोय. ईदला, दिवाळीला तुझा फोन आला की मी शेतात.

परवाच्या आयतवारी राजेश्वरीला म्हणलं, मोबाईल धर. आन समदं बोललो. चाल बशीरची, बेंजो बशीरचा, कव्हर मी पास केलं, शपथ खोटी घेतली. तिनं दोन्ही हातांनी धरला आन तसंच समद्यांना बघायला चढवलं, चित्र चांगलं आलंय. निम्मी लोकं 'म्हातारा चोर' म्हणून शिव्या घालायल्यात, निम्मी 'बशीर मास्तर कुठं हायत' म्हणून इचारायल्यात. शाल आन फेटा मंडळाला परत दिला. नारळाची तवाच चटणी झाली हुती, त्यो ऱ्हायला. शिव्या खाऊनबी दोन भाकरी जादा जायला लागल्यात, ह्याचं शालूला नवल वाटतंय. मला न्हाई.

तुला आधी सांगायला पायजे हुतं. पर तुला सांगितलं असतं तर तू "जाऊ दे रं" म्हणाला असतास, आन म्या खरंच जाऊ दिलं असतं. तुझा सोभावबी ठाव हाय आन माझाबी.

आता कामाचं. ते रिमिक्सवालं साताऱ्याचं पोरगं, विश्वजीत नाव. माझं बोलणं ऐकून त्याचा फोन आला. त्याला ती चाल नव्यानं, तुझ्या हातची रेकॉर्ड करायचीया, तुझ्या नावानं. मी तुझ्या दुकानाचा पत्ता दिला. येत्या आयतवारी, तेवीस तारखंला, अकराच्या सुमाराला येईल. पोरगं गुणाचं हाय, निस्तं खालचा धाडधाड आवाज जरा कमी कर म्हणून सांग. बेंजोच्या तारा गंजल्या असतील म्हणून पाकिटात नव्या घातल्यात.

त्या दिवशी मीबी येणार हाय, ढोलकी घिऊन. तुझ्या दुकानात शिरणार न्हाई. बाहीर बाकडं असंल तर बाकड्यावर, नसंल तर पायरीवर बसीन. साथीला आत बोलवायचं का न्हाई ते तुझं तू ठरव. शिव्या द्यायच्या असतील तर त्या पोराम्होरं दे, लाजू नगंस. न्हाईच बोलवलंस तरी वाजवायचं सोडू नगंस, तेवढं एक मागणं. मी बाहीरनं ऐकीन आन संध्याकाळच्या एसटीनं माघारी येईन.

तुझ्या चालीवर मास्तर झालेला,
तुझा ढोलकीवाला,
अर्जुना