रंगाखाली गेलेली रेघ

मंगळवार, संध्याकाळ. विठ्ठलवाडी.

पुरानंतर चाळ सावरली, म्हणून मीच हौसेने रंग लावून घेतला. जिन्याजवळची पुराच्या पाण्याची रेघही त्यात गेली. म्हटलं, ती आठवण कशाला हवी?

आज शेजारच्या कांबळेवहिनी पिठाचा डबा घेऊन तिथेच उभ्या. "भाऊ, रेघ कुठाय? फळी किती वर ठोकायची आता?" चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. अख्खी चाळ त्या रेघेच्या वरच फळ्या ठोकते, हे मला कसं सुचलं नाही?

मी सॉरी म्हणालो. वहिनी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, गळ्याशी आडवा हात धरला. "इथवर होतं. पोरगी खांद्यावर होती."

त्या हाताशी मी पेन्सिल टेकवली. रेघ वाकडी आली. खोडून पुन्हा मारायची हिंमत झाली नाही.