राहून गेलेलं वाक्य

योग्याकार्ता,
रविवार सकाळ

प्रिय बागास,

पाकिटावर माझं नाव बघून तू हे बाजूला टाकलं असशील, तर तुझं काही चुकलं नाही. मेसेज करता आला असता, पण लिहिलेलं पुसायची मला वाईट सवय लागली आहे, म्हणून शाईने लिहिते आहे. तुझी आई बरी आहे ना? मुंतिलान गावच्या दुकानात आता तूच तोफू तळतोस असं कळलं.

परवा आपल्या साहेबांनी, पाक हार्योंनी, ऑफिसात सगळ्यांसाठी फणसाचं गुदेग मागवलं, तेव्हा तुझा विषय निघाला. साहेब म्हणाले, "हुशार होता हो, पण निष्काळजी." मी मान खाली घालून जेवत राहिले. निष्काळजी कोण, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

तू नवा होतास तेव्हा अर्धवट कामही बिनधास्त कमिट करायचास, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक नोंदीत कायमचं टाकायचास. मी सगळ्यांदेखत टोमणा मारला, "काय रे, अर्धकच्चा भात पाहुण्यांना वाढतोस का?" सगळे हसले. तूही हसलास आणि म्हणालास, "नाही वाढणार, म्बाक." सख्ख्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणायचास. तेव्हापासून काम पुरं झाल्याशिवाय तू कमिट करेनास. नदीच्या पुराचा इशारा देणारं तुझं काम अकरा दिवस नुसतं फोल्डरमध्ये पडून राहिलं, त्याला तो टोमणा कारण.

त्याच सुमारास आपण एआय एजंटच्या हाती टूल्स दिली. टूलखाली जे वर्णन लिहिलंय तेवढंच एजंट जाणतो, बाकी त्याला काही ठाऊक नसतं. फाइली मागे नेणाऱ्या टूलचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे होतं. लेकीच्या शाळेत जायची घाई होती. मी एकच वाक्य लिहिलं, "फाइली शेवटच्या कमिटच्या स्थितीत आणते." कमिट न केलेलं काम कायमचं जातं, म्हणून आधी माणसाला विचारावं, हे दुसरं वाक्य मनात आलं होतं, बागास. उद्या लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू एजंटला फाइलींचा गोंधळ आवरायला सांगितलास, त्याला नेमकं तेच टूल सापडलं आणि तुझे अकरा दिवस गेले.

तू स्क्रीनकडे बघत सुन्न बसला होतास, तेव्हा मी चार हातांवर बसून ते दुसरं वाक्य घातलं. नवं कमिट म्हणून नाही. जुनंच कमिट बदललं, नोंदींचा इतिहास फिरवला, जणू ते वाक्य पहिल्यापासून तिथे होतंच. सर्व्हरवर तशी परवानगी फक्त मला होती. दुसऱ्या दिवशी बैठकीत पाक हार्योंनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "इतकं स्पष्ट लिहिलंय, डोळे कुठे होते तुझे?" तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "चुकलं, पाक. वाचायला हवं होतं." महिन्याअखेर तुझा करार संपला, तो कुणी वाढवला नाही. मला लाज वाटत होती, पण सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याची आज जास्त लाज वाटते.

शुक्रवारी तू परत केलेला लॅपटॉप नव्या मुलीसाठी कोरा करायला माझ्याकडे आला. इतिहासाची पूर्ण प्रत प्रत्येकाच्या मशीनवर असते, हे सगळ्यांना शिकवणारी मी, आणि तुझीच प्रत विसरले. माझं एका वाक्याचं जुनं कमिट तिच्यात जसंच्या तसं आहे. शिवाय तू मशीनला दिलेल्या आज्ञांची यादीही आहे. बैठकीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तू त्यातून विचारलं होतंस, टूलच्या वर्णनाची ही एकच ओळ कुणी लिहिली. मी तीच आज्ञा पुन्हा दिली, तर उत्तरात माझं नाव आलं. म्हणजे सगळं माहीत असून तू "चुकलं" म्हणालास. का, ते विचारायचा हक्क मला उरलेला नाही. येत्या गुरुवारच्या बैठकीत तो लॅपटॉप मी सगळ्यांसमोर उघडणार आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. माझी नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. त्यातलं मी काहीही पुसलेलं नाही.

तुझीच, म्हणायची लाज वाटते तरी,
म्बाक पालुपी