जावईबापूंनी बसवलेला कॉम्प्युटर

मखमलाबाद, नाशिक

प्रिय ज्योत्स्ना,

तुझ्या ऑफिसच्या फाटकापाशी गजरे विकतात ना, त्या विमलाबाईंच्या हाती हे पत्र देतेय. फोन करत नाही, तुझा फोन तुझा नवरा तपासतो हे आता मला कळलंय. तुझ्या आईने चुगली केली नव्हती गं. ते सिद्ध करूनच आज लिहायला बसलेय.

दिवाळीत तू आपल्या कॉम्प्युटरवरून वकीलबाईंना मेल लिहिलास आणि दोनच दिवसांत महेशरावांनी तोच मजकूर तुला तोंडावर ऐकवला. तुला वाटलं, आईनेच सांगितलं. वाटणारच. जावयाचं कौतुक करताना मी थकत नव्हते. अधिक महिन्यात आपण त्यांना वाण द्यायचं, तर उलट त्यांनीच कॉम्प्युटर आणून बसवला. मी त्यांना ओवाळलं ते ओवाळलं, त्या यंत्रालाही ओवाळलं. पुढे आपल्या मळ्यातल्या झेंडूच्या, मी टाईप केलेल्या ऑर्डरी तेच मला फोनवर सांगायचे आणि मला वाटायचं, किती जीव आहे यांचा आपल्यावर. काय बाई मी तरी.

तू बोलणं टाकलंस आणि मी पंचवटीत कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोरासोरांत बसून. तिथल्या सुवर्णा मॅडमनी फायरवॉल शिकवली. कोणाला आत घ्यायचं, काय बाहेर जाऊ द्यायचं, याची राखण करते ती. घरी येऊन बघते तर आपली चक्क बंद करून ठेवलेली, आणि लांबून आपला पडदा बघायचा एक प्रोग्राम महेशरावांच्या नावाने चालू. मॅडम घरी आल्या. आधी सगळ्याचे फोटो काढून वकीलबाईंना दिले. मग तो प्रोग्राम काढला, वायफायचे, मेलचे पासवर्ड बदलले, फायरवॉल चालू केली. बटण मीच दाबलं, मॅडमना हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच महेशरावांचा फोन, आई, कॉम्प्युटर बिघडलाय का म्हणून. म्हटलं, छे, आत्ता कुठे नीट चालायला लागलाय. त्यांनी खटकन फोन ठेवला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पण आता त्यांना संशय आलाय, तेव्हा उशीर नको. घटस्फोटाच्या अर्जावर वकीलबाईंना फक्त तुझी सही हवी आहे. मंगळवारी नेहमीसारखी ऑफिसला निघ. बॅग भरू नकोस, फोनही ऑफिसातच राहू दे. बाबा फाटकापाशी टेम्पो घेऊन उभे असतील. सही करून थेट इकडे यायचं, परत तिकडे जायचं नाही. या घरात तू काय लिहितेस, ते यापुढे मीसुद्धा वाचणार नाही.

तुझीच,
आई