दोघांपुरती डाळ

१२ फेब्रुवारी

ती. आईंना नमस्कार.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो: खोकला गेला, स्वेटर अंगात असतो आणि रात्री पायमोजे घालून झोपतो. आता तुमचं सांगा. गुडघ्याचा पट्टा बांधता, की अजून खोक्यातच आहे? खरं लिहा.

फोन सोडून पत्राच्या मागे का लागलो म्हणाल, तर मी इकडून घसा फाडून ओरडतो, तुम्ही तिकडून नुसतं "हं, हं" करता आणि खालच्या शिवणवाल्या बाईंना मात्र माझी सगळी खबर शब्दन्‌शब्द कळते. इकडे शेजारच्या खोलीतला रंगारी भिंत ठोकतो ते वेगळंच. पत्र बरं. तुम्ही भिंग घेऊन सावकाश वाचाल आणि हवं तिथे थांबून मला बोल लावाल.

काम ठीक चाललंय. पावाचा कारखाना म्हटल्यावर तुम्ही हसला होतात, पण पावाच्या भट्टीचा पट्टा म्हणजे खेळ नाही. एक बेअरिंग तापलं की पट्टा अडतो, आणि पट्टा अडला की मागून येणारे पाव एकमेकांच्या अंगावर चढून कोळसा होतात. मी दिवसभर ग्रीस आणि पाना घेऊन त्या पट्ट्याच्या बाजूने फिरतो. साहेब खूश आहेत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबता का म्हणून विचारत होते. त्याचं पुढे बघू.

जेवणाचे मात्र सुरुवातीला फार हाल झाले. कामगारांना रोज पाव फुकट मिळतो. फुकटचा म्हणून पहिल्या आठवड्यात हाणला, आणि मग पाव दिसला की तोंड फिरवायला लागलो. कॅन्टीनमध्ये सगळं उकडलेलं. उकडलेला बटाटा, उकडलेलं गाजर आणि बाजूला आणखी काहीतरी उकडलेलं. मी आचाऱ्याला विचारलं, हे काय? तर म्हणाला, तेही गाजरच आहे. त्याची चूक नाही बिचाऱ्याची, त्याला शिकवलंच तसं असणार. मी मीठ मागितलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या आईबद्दल काही बोललो.

म्हणून मग तुम्ही शिकवलेलं कामाला आलं. निघताना तुम्ही मला ओट्यापाशी उभं करून डाळ-भात शिकवत होतात आणि मी "हो, हो, कळलं" करत होतो, त्यातलं काहीएक कळलं नव्हतं हे आता कबूल करतो. पहिली डाळ भांड्याला चिकटली ती स्क्रूड्रायव्हरने काढली. इथे छताला एक यंत्र असतं, धूर झाला की बोंबलणारं. मी फोडणी घातली की ते बोंबलतं, रंगारी धावत येतो, आणि आम्ही दोघं खिडकी उघडून टॉवेल हलवत बसतो. आता मोहरी तडतडायच्या आधीच तो टॉवेल घेऊन दारात हजर असतो. पण डाळ चांगली होते हो. अगदी तुमच्यासारखी नाही, पण तुमच्या ओळखीची.

रस्त्यांचं काय सांगू! इथे गाड्या आपल्या उलट बाजूने येतात. हे मला माहीत होतं. पण डोक्याला माहीत असून काय उपयोग, मानेला कळायला हवं ना! उभा जन्म रस्त्यावर पाय टाकताना मान आधी उजवीकडे वळली, ती आता कशी ऐकणार? कारखान्यासमोर शाळा आहे, तिथे एका सकाळी मी उजवीकडे बघून, रस्ता मोकळा म्हणून निघालो आणि मागून कुणीतरी पिशवीच्या पट्ट्याला धरून असं ओढलं की मी फुटपाथवर बसलोच. माझ्या नाकासमोरून ट्रक गेला. घाबरू नका, काही लागलं नाही.

ओढणाऱ्या बाई होत्या शाळेच्या. पिवळा कोट, हातात काठी आणि काठीवर गोल पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरात "थांबा". पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं त्यांचं काम. मी मनात त्यांचं नाव थांबाबाई ठेवलं. मला इथली भाषा नटबोल्टपुरतीच येते, पण त्या जे काही बोलल्या ते शब्द न कळताही कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला सरळ पोरांच्या रांगेत उभं केलं. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, डोक्यावर टक्कल, आणि पुढेमागे दप्तरवाली पोरं. एका चिमुरडीने विचारलं, तू कितवीत? सगळी रांग हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, आई.

बाकी सगळं क्षेम. अरे हो, एक विचारायचं होतं. तुम्ही मला एका माणसाची डाळ शिकवलीत. दोघांपुरती करायची तर पाणीही दुप्पट लागतं का? आणि खाणाऱ्याला तिखट सोसत नसेल तर मिरची अजिबात टाकूच नये, की काही युक्ती आहे? सहज विचारतोय.

तुमचा,
जावई


१९ मार्च

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. डाळ दुप्पट पण पाणी दुपटीला थोडं कमी, आणि मिरची अख्खी टाकून वाढताना काढून घ्यायची. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. पट्टा बांधता हे वाचून बरं वाटलं.

मग शेवटची ओळ वाचली. "दुसरं माणूस कोण?" बस. मागेपुढे काही नाही. पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर पट्ट्याला नको तिथे ग्रीस लावत फिरलो.

सांगतो. आधी कारखान्याचं सांगतो. नवीन मोटर आली आहे, तिचा आवाज कमी, पण तापते फार, आणि तिचं झाकण उघडायला... जाऊ द्या. मी टाळतोय हे तुम्ही ओळखलं असेलच.

थांबाबाई.

एका दुपारी बर्फासारखा पाऊस पडत होता. शाळा सुटायची होती आणि ती आडोशाला उभी राहून खिशातला कोरडा पाव खात होती. तो पाव आमच्याच कारखान्यातला. मला बघवेना. मी माझा डबा तिच्यापुढे धरला. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ठसका. मी घाबरलो, आता शिव्या देणार! पण डबा परत दिला तो पुसून रिकामा. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, आज काय आहे?

एवढ्यावरूनच सगळं सुरू झालं, अर्धं हातवाऱ्यांनी, अर्धं माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत. सकाळ-दुपार ती पाटी घेऊन उभी असते, मधल्या वेळात एका धोबीखान्यात इस्त्री करते. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला, मुलगा लांब नोकरीला. मोठ्याने हसते, इतकं मोठ्याने की बसमधले लोक वळून बघतात. रविवारी तिने मला गावभर पायी हिंडवून इथले रस्ते शिकवले. चौक आला की थांबायची आणि म्हणायची, आता तू सांग, कुठे बघायचं? चुकलो की पिशवीचा पट्टा ओढायची. आता माझी मान बरोबर वळते.

एकदा बस-थांब्यावर तिने तुमच्या लेकीबद्दल विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो. भर रस्त्यात, लोकांदेखत. हॉस्पिटलमध्ये रडलो नाही, नंतर घरीही नाही. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, रडा हो, मोकळे व्हा. पण आई, मी तुमच्यासमोर कोसळलो असतो तर तुम्हाला कोणी धरलं असतं? तुमची तर पोटची पोर गेली होती. थांबाबाई शेजारी बसून राहिली. बस आली, गेली, दुसरी आली, तीही गेली.

मग तिने विचारलं, आता घरी कोण असतं? मी म्हटलं, सासूबाई. तिला वाटलं मी शब्द चुकलो. बायको नाही, आणि सासू आहे? म्हटलं, हो, आहे. आम्ही दोघं असतो. त्या मला लसूण जास्त झाला म्हणून बोलतात आणि मी त्यांना गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून बोलतो. तिला गंमत वाटली.

मागच्या रविवारी तिनेच विचारलं. मी नाही विचारलं, माझी काय छाती! म्हणाली, आपण लग्न करायचं का? मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. ती म्हणाली, एवढा टकल्या माणूस तू, आणि घरी विचारून सांगणार? म्हटलं, हो, विचारूनच सांगणार. साहेबांना मी हो म्हटलंय, म्हणजे काम पुढच्या उन्हाळ्यात संपतं, मग मी घरी येणार ते ठरलेलंच आहे. ती यायला तयार आहे. फक्त एक म्हणाली, तुझ्या सासूबाईंना मी दारात दिसले तर त्यांना काय वाटेल? ते तुम्हालाच विचारतो.

आई, मला भीती एकाच गोष्टीची वाटते. तुमची लेक गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही बॅग भरून दारात उभ्या होतात. पुतण्याकडे जाते म्हणालात. म्हणालात, लेक नाही, मग जावयाच्या घरात मी कोण? मी बॅग उचलून माळ्यावर टाकली आणि तुम्हाला म्हटलं, चहा ठेवा. आता तुम्ही पुन्हा तो प्रश्न विचाराल, म्हणून आधीच उत्तर लिहितो. तुम्ही माझ्या आई आहात. मला जन्म देणारी मी पाळण्यात असतानाच गेली, तिचा चेहरा मला माहीत नाही. "आई" अशी हाक मी आयुष्यात पहिल्यांदा मारली ती लग्नानंतर तुम्हाला, आणि तेव्हा लाजून मान खाली घातली होती. बायको गेली. त्यानंतर आता तुम्हीही निघून गेलात तर मला सोसायचं नाही.

तुम्ही नको म्हणालात तर मी तिला तसं सांगेन. तुमच्यावर ओझं टाकायचं म्हणून लिहीत नाही, खरंच तसं करेन. तीही समजून घेईल, थोडं रडेल, मग पाटी घेऊन उभी राहील.

उत्तराची वाट बघतोय. खाली सवयीने जावई लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

तुमचा


७ एप्रिल

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

पत्र पोचलं. भिंगाने वाचलं, मग पुन्हा वाचलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचा राग आला. खोटं कशाला लिहू? वाढून घेतलेलं ताट झाकून ठेवलं आणि रडत बसले. लेक तर रोजच आठवते, पण त्या दिवशी जीव कासावीस झाला. वाटलं, आजवर तिच्याबद्दल बोलायला आपण दोघं तरी होतो. आता मी एकटीच उरले.

म्हणून पुतण्याला फोन लावायला खालच्या शिवणवाल्या बाईंना वर बोलावलं. त्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, जावई लग्न करतोय. तर त्या "अरेरे" म्हणाल्या. आणि त्यांचं ते "अरेरे" ऐकून माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! अरेरे काय? माझं पोर परक्या मुलखात उकडलेली गाजरं गिळतंय, एकट्याने खोलीत राहतंय, ट्रकखाली जाता जाता वाचलंय, आणि एका भल्या बाईने त्याला ओढून मागे घेतलं तर अरेरे? चहा ठेवला होता, तो न देताच त्यांना घालवलं. फोन लावायचा राहिला. त्या गेल्यावर मी झाकलेलं ताट काढून जेवले.

बॅग माळ्यावर आहे. माझ्याच्याने निघायची नाही, आणि कोणाला काढायला सांगणारही नाही. तुम्ही लग्न करा. मनापासून सांगते. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घाला, तिला इस्त्री येते म्हणता तर बरंच झालं.

माझं एक ऐका. तिच्यासमोर माझ्या लेकीचं नाव काढायला बिचकू नका. ती चिडली की दार आपटायची, मीठ नेहमी जास्त टाकायची, झोपेत हसायची, सगळं सांगा. नाव घ्यायचं नाही असं घर मला चालणार नाही. मीही सांगेन, आणि थांबाबाईनेही आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल मला सांगावं. आम्हाला एकमेकींची भाषा कळणार नाही, पण मला तसंही ऐकू कुठे येतं?

तुम्ही एवढं लांबलचक लिहिलंत. तिचा नवरा गेला, मुलगा लांब असतो, कुठे काम करते, कशी हसते, सगळं लिहिलंत. पण तिला आई आहे का, ते लिहिलं नाहीत. असेल तर त्यांना माझा नमस्कार कळवा. नसेल तर तिला सांगा, आता आहे.

तुमची
आई